दहा अमोनाइट द्यावेत का? जीवाश्मांच्या अदलाबदलीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ब्रिस्टलला राहता आणि दोन वर्षांपासून इंग्लंडच्या दक्षिणेला चारमथच्या किनाऱ्यावर अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, वेचायला जाता. सोनेरी चमकीचे, पायराइटचे छोटे अमोनाइट डबाभर जमलेत. जर्मनीतल्या एका संग्राहकाने त्यांतले दहा मागितलेत आणि बदल्यात तिथल्या होल्झमाडेन गावची, डॅक्टिलियोसेरास (अमोनाइटचाच एक प्रकार) असलेली दगडी पाटी देऊ केलीय. सौदा बरोबरीचा आहे का, फसवणूक कशी ओळखायची, पार्सल कसं पाठवायचं आणि आजोबांनी कच्छहून आणलेले चार अमोनाइटही यात घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची नाशिकची, गेली बावीस वर्षं यॉर्कशरमध्ये राहते. व्हिटबीचा किनारा माझ्या पायाखालचा आहे. माझ्या संग्रहातले निम्म्याहून जास्त नमुने अदलाबदलीतून आले. विकत फार थोडे घेतले. तेव्हा अनुभवावरून सांगते: सौदा जरूर करा, पण लगेच नको. पायराइटचे अमोनाइट आधी नीट वाळवून, पारखून घ्या. समोरच्याकडून पाटीची पूर्ण नोंद मागवा. आणि आजोबांचे अमोनाइट यात आणू नका. यांची कारणं पुढे येतीलच.

आधी मोलाबद्दल. आपल्याकडे म्हणतात ना, पिकतं तिथं विकत नाही. अदलाबदलीचं सगळं गणित या चार शब्दांत आहे. चारमथला वादळानंतर ओहोटीच्या वेळी तासभर वाकून चाललं की मूठभर अमोनाइट मिळतात; तिथल्या माणसाला त्यांचं अप्रूप नसतं. होल्झमाडेनजवळ राहणाऱ्याला चपट्या डॅक्टिलियोसेरासचंही तेच. दोघांनी आपापल्या अंगणातलं दिलं की दोघांच्याही घरी नवलाईची वस्तू येते. म्हणून मी पैशांत किंमत काढत बसत नाही. जालावरच्या लिलावातले आकडे बघून 'माझे दहा तुमच्या एकाला भारी पडतात' असं म्हणायला लागलं की गोडी जाते. मी तीन गोष्टी बघते: समोरच्याला तो नमुना त्याच्या भागात मिळू शकतो का, साफ करायला किती तास गेलेत आणि त्याची नोंद किती पक्की आहे. साध्या अमोनाइटवर कोणी एअर पेन (हवेच्या दाबावर चालणारं, खडक कोरायचं अवजार) घेऊन पंधरा तास घालवले असतील तर ते पंधरा तास सौद्यात धरलेच पाहिजेत.

तुमच्या बाबतीत दहाला एक हे प्रमाण ऐकायला जड वाटतं, पण ते अमोनाइट नखाएवढे असतील आणि पाटी हातभर, चांगली साफ केलेली असेल तर वाईट नाही. पाटीवर एकच अमोनाइट असून कडा फुटलेल्या असतील तर सहा-सात पुरेत. तसं स्पष्ट लिहा. या छंदात घासाघीस कमीपणाची मानत नाहीत, लपवाछपवी मात्र कोणी विसरत नाही.

ही अदलाबदल मला का आवडते ते एका जोडीवरून सांगते. माझ्या टेबलावर दोन डॅक्टिलियोसेरास शेजारी ठेवलेत. एक व्हिटबीचा, मी स्वतः काढलेला. किनाऱ्यावर राखाडी-काळे गोटे पडलेले असतात, मुठीएवढे, कधी नारळाएवढे. एखाद्याच्या कडेवर बारीक समांतर रेघा दिसतात, कंगव्याचे दात उमटल्यासारख्या. तीच अमोनाइटच्या पाठीची कड. तिच्या रोखानं हातोड्याचा एक नेमका घाव घातला की गोटा दोन भागांत उघडतो आणि आत पूर्ण गोलाईचा, हातात फिरवून बघता येईल असा अमोनाइट निघतो. एकेक बरगडी उठावदार, बोट फिरवलं की जाणवते. दुसरा होल्झमाडेनचा, एका निवृत्त शिक्षकांनी पाठवलेला. प्राणी जवळजवळ तोच, काळ तोच, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा, पण हा काळ्या पाटीवर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा सपाट. बरगड्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, बोटाला लागत नाहीत.

असं का झालं? व्हिटबीत अमोनाइटभोवतीचा चिखल लवकर घट्ट झाला. चुन्यानं सिमेंटसारखं काम केलं आणि वरच्या थरांचं वजन येण्याआधीच गोटा तयार झाला. होल्झमाडेनच्या पाटीत तसं कवच मिळालं नाही, चिखल दबत गेला आणि त्याबरोबर शंखही. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हे मला कितीही वाचून इतकं नीट कळलं नसतं. म्हणून तुमच्या जर्मन मित्राला एक सुचवून बघा: दहा एकसारखे अमोनाइट देण्यापेक्षा सात चारमथचे आणि व्हिटबीचा एक उघडलेला गोटा दोन्ही भागांसकट. गोटा मी देईन, बदल्यात तुम्ही मला चारमथचे दोन द्या. तीन जणांचा सौदा चांगला जमतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. जीवाश्माचा सातबारा म्हणजे त्याचं लेबल. कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरातून, कुठल्या साली, कोणी काढला आणि तो कड्यात होता की किनाऱ्यावर सैल पडलेला, एवढं नसेल तर कितीही देखणा अमोनाइट शोभेचा दगड होऊन बसतो. त्याच्यावरून कोणाला काही शिकता येत नाही आणि पुढे कोणा संग्रहालयाला तो घ्यावासा वाटत नाही. अदलाबदलीत खरं तर हात बदलते ती ही माहिती. दगड तिच्यासोबत येतो. 'होल्झमाडेन, जर्मनी' एवढंच लिहिलेलं लेबल मला अपुरं वाटतं. तुमच्या संग्राहकाला विचारा: कुठली खाण, कितवा थर, कुठलं साल, स्वतः काढलंत की कोणाकडून घेतलंत? मुरलेला संग्राहक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. जो उत्तर टाळतो त्याच्याशी सौदा करू नये.

तुमच्या बाजूनेही तेवढंच द्या. प्रत्येक अमोनाइटला क्रमांक. अमोनाइट मोठा असेल तर त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा एक ठिपका, वाळल्यावर त्यावर बारीक निबेनं क्रमांक आणि वर पुन्हा पॅरालॉइडचा पातळ थर. फारच छोटा असेल तर झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवून डबीवर आणि आतल्या कागदावर दोन्हीकडे क्रमांक. तोच क्रमांक वहीत. जात नक्की माहीत नसेल तर 'प्रोमायक्रोसेरास, जात अनिश्चित' असं लिहायला अजिबात संकोच करू नका. चुकीचं नाव बिनधास्त लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. आणि कोणाकडून जुना नमुना आला तर त्याचं जुनं लेबल कधीही फेकू नका, मग ते कितीही मळकं असो आणि त्यावरचं नाव आज बदललेलं असो. नवं लेबल जुन्याच्या सोबत ठेवायचं, जुन्याच्या जागी नाही.

लेबलावर काढणाऱ्याचं नाव हवंच, यावर मी अडून बसते. त्याचं कारण तुमच्याच किनाऱ्यावर आहे. चारमथच्या शेजारी लाइम रीजिसला मेरी अ‍ॅनिंग राहायची, १७९९ ते १८४७. सुताराची मुलगी, किनाऱ्यावरचे जीवाश्म विकून घर चालवायची. १८११ साली तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी तिनं उरलेला सांगाडा शोधला. तो २३ पौंडांना विकला गेला. १८२३ साली तिनं प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी प्राण्याचा पूर्ण सांगाडा शोधला. पण तिनं काढलेले कितीतरी नमुने संग्रहालयांत गेले ते विकत घेऊन दान करणाऱ्यांच्या नावानं. कड्याखाली पावसात उभी राहून ते काढणाऱ्या बाईचं नाव लेबलावर नव्हतं. म्हणून नमुना माझ्याकडे पाचव्या हातानं आला असला तरी पहिल्या हाताचं नाव मी शोधून लिहिते.

आता तुमच्या पायराइटकडे वळते, कारण मला खरी काळजी तिथेच आहे. चारमथचे काही अमोनाइट वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. काही मात्र आतून किडतात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याचं लोहाच्या सल्फेटमध्ये आणि गंधकाम्लात रूपांतर होतं. आधी गंधकाचा उग्र वास येतो, मग पांढरट-पिवळी भुकटी दिसते, भेगा पडतात आणि शेवटी हातात राहतो तो चुरा. माझ्या सुरुवातीच्या काळात मी बारा अमोनाइट एका संग्राहकाला पाठवले होते. समुद्राचं पाणी नुसतं पुसून, दोन दिवस वाळवून. त्यांनी ते दगडी तळघरात ठेवले. तीन वर्षांनी त्यांचा फोटो आला. बारांतल्या सात अमोनाइटची भुकटी झाली होती आणि खालची माझी हातानं लिहिलेली लेबलंही आम्लानं तपकिरी होऊन विरली होती, एकावरचं गावाचं नावही वाचता येत नव्हतं. ते सज्जन गृहस्थ एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्यांना बदल्यात दुसरे नमुने पाठवले, पण ती सात ठिकाणं, त्या तारखा पुन्हा मिळाल्या नाहीत, कारण तेव्हा मी वही ठेवत नव्हते.

म्हणून असं करा. अमोनाइट साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर तरी, म्हणजे मीठ निघून जाईल. मग पूर्ण वाळवा. घाई नको, पण ओलही राहता कामा नये. त्यानंतर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइडचा पातळ हात द्या. काही जण एवढ्यावर निर्धास्त होतात, ते बरोबर नाही; हा लेप ओलावा पूर्ण अडवत नाही. खरा उपाय म्हणजे कोरडी जागा: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४५ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे; ६० च्या वर गेला की किड वेगानं सुरू होते. पाठवण्याआधी तीन आठवडे रोज झाकण उघडून वास घ्या. एखाद्याला जरी वास आला तरी तो बाजूला काढा आणि देऊ नका. शिवाय समोरच्याला लिहूनच कळवा: हे पायराइटचे आहेत, कोरडे ठेवावे लागतील. इथून मुंबई-कोकणात नातेवाइकांना भेट म्हणून असे अमोनाइट नेणारे मी पाहिलेत. एका पावसाळ्यात त्यांचं काय होतं ते सांगायला नको. तिकडे न्यायचं तर व्हिटबीचे चुन्याचे गोटे न्या.

फसवणुकीबद्दल. होल्झमाडेनच्या पाट्यांत सहसा अख्खी बनावट नसते, डागडुजी असते. दोन-तीन तुकडे जोडून मोठी केलेली पाटी, बरगड्या रंगवून ठसठशीत केलेला अमोनाइट, भेगा काळ्या लांबीनं भरलेल्या. डागडुजी हा गुन्हा नाही. लपवलेली डागडुजी हा गुन्हा. चार फोटो मागवा: समोरून, मागून, एका बाजूनं तिरपा उजेड टाकून आणि अतिनील दिव्याखाली. तिरप्या उजेडात जोड उठून दिसतात. अतिनील दिव्यात राळ आणि गोंद बहुधा दगडापेक्षा वेगळे चमकतात. मागच्या बाजूचा फोटो सगळे विसरतात, आणि जोड नेमका तिथेच उघड असतो.

खरी खबरदारी लागते ती मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटना, म्हणजे खंडाखंडांच्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांना. मला एकदा अदलाबदलीत सहा सेंटिमीटरचा काळा ट्रायलोबाइट आला. लांबून बघताना अप्रतिम. दहापट भिंगाखाली धरला आणि मन खट्टू झालं. या प्राण्याच्या डोळ्यात सुटी सुटी भिंगं असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी ओळीत. इथं ती एकमेकांत वितळल्यासारखी होती. पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी दोन गोल छिद्रं होती, राळ ओतताना हवेचा बुडबुडा फुटून राहतो तशी. आणि मुख्य म्हणजे खालच्या खडकातून गेलेली कॅल्साइटची पांढरी शीर ट्रायलोबाइटच्या कडेला येऊन थांबली होती. खडकाला भेग पडते तेव्हा आतल्या जीवाश्मालाही पडते. शीर आरपार जायला हवी. ती कडेला थांबते याचा अर्थ वरची वस्तू नंतर चिकटवलेली. पोटाच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा कापूस फिरवला तर काळा रंग कापसावर उतरला. मी पाठवणाऱ्याला या खुणांचे फोटो पाठवले. तोही फसला होता, त्यानं माझा नमुना परत केला आणि माफी मागितली. तेव्हापासून मी प्रत्येक सौद्याआधी लिहून घेते की महिन्याभरात खोट निघाली तर दोघांनी आपापलं परत घ्यायचं, टपालखर्च पाठवणाऱ्याचा.

फसव्या जोडकामाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे चीनच्या लिआओनिंगचा 'आर्किओरॅप्टर'. पक्षी आणि डायनासोर यांच्यामधला दुवा म्हणून १९९९ साली त्याची जगभर वाहवा झाली. अमेरिकेतल्या टूसॉनच्या खडक-जीवाश्म बाजारात तो ८०,००० डॉलरला घेतला गेला होता. नंतर कळलं की पक्ष्याचं धड आणि वेगळ्याच छोट्या डायनासोरची शेपटी एकत्र चिकटवलीय. जाणकार फसतात, तर आपण भिंग घेऊन बसायला लाजू नये.

आता कायदा. दगड ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा; तो आज कोणाच्या कपाटात आहे यावर ते ठरत नाही. तुमच्या चारमथचं सोपं आहे: कड्यात हातोडा घालायचा नाही, सैल पडलेलं उचलायचं, आणि काही विशेष सापडलं, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं, अनोळखी मासा, कीटक, तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंद करायची. नेहमीचे अमोनाइट देण्याघेण्याला अडचण नाही. होल्झमाडेनचा परिसर १९७९ पासून संरक्षित आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात विशेष शास्त्रीय मोलाचा जीवाश्म राज्याच्या मालकीचा होतो, मात्र ओह्मडेनला पैसे भरून हौशी माणसांना पाट्या फोडता येतात अशी खाण आहे. साधा डॅक्टिलियोसेरास तिथून आला असेल तर प्रश्न नाही. म्हणूनच खाणीचं नाव विचारायला सांगितलं.

अमेरिकेतल्या संग्राहकांशी पुढे कधी बोलणं झालं तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ती तिथल्या पुष्कळांनाही माहीत नसते. सरकारी जमिनीवर हौशी माणसाला नेहमीचे शंख-शिंपले, वनस्पतींचे जीवाश्म स्वतःसाठी उचलता येतात, पण ते विकता येत नाहीत आणि अदलाबदलीतही देता येत नाहीत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे तर परवान्याशिवाय उचलताच येत नाहीत. याउलट वायोमिंगमधल्या केमररजवळच्या खाजगी खाणीतले नाइटिया मासे किंवा न्यूयॉर्क राज्यात हॅम्बर्गच्या पेन डिक्सीला पैसे भरून काढलेले ट्रायलोबाइट खुशाल घ्या. म्हणजे तिथेही प्रश्न तोच: नेमकं कुठून?

ब्राझील, चीन, मंगोलिया, अर्जेंटिना यांच्या जीवाश्मांपासून मी लांबच राहते. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता आहेत. तिथल्या क्रातो खडकांतला 'उबिराजारा' नावाचा छोटा डायनासोर जर्मनीत कार्ल्सरूहच्या संग्रहालयात होता. तो २०२३ साली ब्राझीलला परत द्यावा लागला. मंगोलियातून चोरट्या मार्गानं आणलेला टार्बोसॉरस या मोठ्या डायनासोरचा सांगाडा २०१२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला आणि दुसऱ्या वर्षी खटल्यानंतर मायदेशी परतला. 'आपल्यासारख्या हौशी माणसाला कोण विचारतंय, एक छोटा मासा तर आहे' असं म्हणू नका. छोट्या माशालाही देश असतो.

पार्सलचं मी भरभर सांगते. प्रत्येक नमुना आधी आम्लमुक्त टिश्यू कागदात, मग बबलच्या वेष्टनात, लेबल वेगळ्या छोट्या पिशवीत घालून त्याच पुडीत. काटे किंवा बारीक टोकं असलेल्या नमुन्यावर कापूस कधी लावू नका, तो अडकतो आणि काढताना टोक मोडतो. पाटी उभी ठेवायची, आडवी नाही, दोन्ही बाजूंना कडक फोम. खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून तीन-चार बोटं जागा भरलेली. हलवून बघा; आवाज आला तर पुन्हा बांधा. पॅक करताना मोजपट्टीसह फोटो काढून ठेवा.

२०२१ पासून इथून युरोपात जाणाऱ्या पार्सलला सीमाशुल्काचा फॉर्म लागतो. त्यावर 'भेट' असं लिहू नका. बदल्यात काही येतंय म्हणजे ती भेट नव्हे. 'वैयक्तिक संग्रहातले जीवाश्म, अदलाबदल' असं लिहा, शुल्कक्रमांक ९७०५ घाला, तो संग्रहणीय शास्त्रीय वस्तूंचा आहे, आणि प्रामाणिक रास्त किंमत लिहा. शून्य लिहिलं तर पार्सल अडकतं, हरवलं तर भरपाई नाही. आधी कोणी पाठवायचं? रीत अशी की नवा माणूस आधी पाठवतो. पण अनोळखी दोघांनी एकाच दिवशी पाठवून माग-क्रमांक एकमेकांना कळवणं मला जास्त बरोबर वाटतं. मोडतोड झाली तर जबाबदारी पाठवणाऱ्याची, हे आधीच ठरवा.

आणि आता कच्छ. तुमच्या आजोबांचे अमोनाइट बहुधा जुरासिकचे असणार. कच्छमध्ये जुमारा, जारा, हबो या भागांतले अमोनाइट शास्त्रात फार महत्त्वाचे मानले जातात. वागेन या जीवाश्मतज्ज्ञानं १८७० च्या दशकात त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, स्पाथ या दुसऱ्या तज्ज्ञानं १९२७ ते १९३३ या काळात तो सगळा विषय पुन्हा तपासला, आणि आजही त्यांच्यावर काम चालू आहे. भारतात जीवाश्मांसाठी वेगळा, स्पष्ट कायदा अजून झालेला नाही. २०२२ मध्ये भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. पण कायदा संदिग्ध आहे म्हणून मोकळीक घ्यावी हे मला पटत नाही. जे नमुने कागदपत्रांशिवाय देशाबाहेर आलेत ते मी देत-घेत नाही. बाहेरचे लोक आपल्याकडे भारतीय वस्तू हमखास मागतात. आपल्या महाराष्ट्राच्या बेसाल्टमधले झिओलाइटचे खनिज-स्फटिक त्यांना हवे असतात, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतल्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी तर लोक वाटेल ते देऊ करतात. ते खाणीतून निघतात, रीतसर निर्यात होतात, त्यांची बिलं मिळतात. ते खुशाल द्या. सिरोंच्याच्या बारापासॉरससारख्या डायनासोरच्या हाडांना किंवा कच्छच्या अमोनाइटना तो नियम लावू नका.

एकानं मला शाळिग्रामही मागितला होता. गंडकीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच, त्यांतलं चक्र म्हणजे शंखाचं वेटोळं. व्हिटबीतही तशीच कथा आहे: संत हिल्डानं सापांचे दगड केले, म्हणून जुने लोक अमोनाइटला कोरून सापाचं तोंड बसवायचे आणि तिथल्या नगरचिन्हावर असे तीन दगड आहेत. अमोनाइटच्या एका प्रकाराचं हिल्डोसेरास हे नावही तिच्यावरूनच पडलं. ही कथा मी त्याला भरभरून सांगितली. पण माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम विकायचा नसतो असं मी लहानपणापासून ऐकलंय, आणि तो द्यायचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. त्याच्या जागी मी त्याला हिल्डोसेरासचा गोटा दिला.

तुमच्या आजोबांचे चार अमोनाइट कागदात गुंडाळलेले आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते कागद फेकू नका, उलगडूही नका. आधी आहे तसे फोटो काढा. वर्तमानपत्र असेल तर तारीख सापडेल. मग वडिलांना फोन लावा आणि विचारा: आजोबा कच्छला कशासाठी होते, कुठल्या गावात राहायचे, हे दगड कुठून आणले, नदीच्या पात्रातून की टेकडीवरून, सोबत कोण होतं. वडील 'नीट आठवत नाही' म्हणतील; तेही तसंच लिहा आणि आठवेल तो प्रत्येक शब्द तारखेसह टिपून ठेवा. पुढे कधी पुण्यातल्या किंवा बडोद्यातल्या एखाद्या भूविज्ञान विभागाला ते द्यावेसे वाटले तर हा कागद सोबत गेला पाहिजे.

जर्मन संग्राहकाला आजच उत्तर लिहा: खाण आणि थर कोणता, पाटीच्या मागच्या बाजूचा फोटो, तिरप्या उजेडातला फोटो. तोपर्यंत तुमचे अमोनाइट पाण्यात घाला. फोटो आले की मला दाखवा, जोड आहेत का ते दोघं मिळून बघू.